सहा मिलिमीटर कमी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या रवीला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि येत्या रविवारी तुम्ही काही माझ्याबरोबर सायकलवर नसणार.

मी अंबरनाथला राहतो. आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे, म्हणजे मशीनवरून उतरलेला पार्ट मापात आहे की नाही ते मी सांगायचं. वर्नियर हातात घेऊन एकोणीस वर्षं झाली. मी घेतलेलं माप कोणी दुसऱ्यांदा घेत नाही. गल्लीतली माणसं नळाची तोटी, मिक्सरचं कपलर, काय वाटेल ते घेऊन येतात; मी मोजून चिठ्ठी लिहून देतो आणि ती चिठ्ठी उल्हासनगरच्या बाजारात चालते. याचा मला माज होता. होता कशाला — आहे.

रवी बदलापूर गावातला. आठ वर्षं आम्ही दर रविवारी बारवी धरणाच्या रस्त्याला सायकली हाणल्या. सुरुवातीला त्याला चढ झेपायचा नाही, तेव्हा मी वर जाऊन थांबायचो आणि पुन्हा खाली यायचो त्याच्यासाठी. सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये आम्हाला जोडीच म्हणायचे. माउंटन बाइकची एक रेस असते, दोघांनी मिळून पुरी करायची — तिच्याबद्दल आम्ही दोन वर्षं बोलत होतो. आणि एका दुपारी, डबा उघडून बसलो होतो, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. नाव नोंदवल्याचा. रवी, आणि पालेगावच्या नव्या टॉवरमधला कोणी एक तिशीचा गडी. खाली सगळ्यांचे अंगठे. मीही अंगठा टाकला. दुसरं काय करणार होतो?

दगा दिला त्याने मला. हा शब्द मी आजही मागे घेणार नाही. तोंडावर म्हणाला असता, ‘तुझं वय झालं, तुला नाही झेपणार’, तर चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. पण च्यायला, त्याने विषयच काढला नाही. वर त्याच आठवड्यात, काही घडलंच नाही अशा थाटात, घरी आला — पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल घेऊन.

अ‍ॅक्सल म्हणजे चाकातून आरपार जाणारा दांडा. एका बाजूने घालायचा, दुसऱ्या बाजूला फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या दुबेळक्यात, आटे असतात, त्यांत पिळून घट्ट करायचा. पुढचं चाक सगळं त्याच्या भरवशावर. रवीच्या जुन्या दांड्याचे आटे झिजले होते. नवा निवडायला तीन मापं लागतात — जाडी, आट्यांचा पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, आणि लांबी. “तूच मोज आणि तूच आण, मला त्यातलं काय कळतं,” म्हणाला. चहा प्यायला आणि गेला. रेसचं अवाक्षर नाही. मी मोजायला बसलो. जाडी बरोबर लिहिली. पिच बरोबर लिहिला. लांबी —

लांबी मी सहा मिलिमीटर कमी लिहिली.

चुकून? माझ्या हातून चुकून सहा मिलिमीटर? आखूड दांडा आत जातो, पिळला की घट्टही लागतो, पण धरतात फक्त दोन आटे. आत किती आटे धरलेत ते बाहेरून दिसत नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच लिहिली. वाटलं, चाक डगमगेल, हा घाबरेल, रेस हुकेल. तेवढंच. तेवढंच वाटलं होतं का? तो पडावा असं मनात नव्हतं, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलंय. पटत नाही.

उल्हासनगरला सायकलच्या पार्टचं दुकान आहे, एका म्हाताऱ्या सिंधी शेठचं. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला. “साईं, पुराना वाला लाए हो? मिला के देख लेते हैं.” जुना माझ्या पिशवीतच होता. मी म्हणालो, “माप मैंने लिया है.” त्यांनी चष्मा पुन्हा खाली ओढला. चिठ्ठीप्रमाणे काढून दिला.

रविवारी बारवीच्या उतारावर रवीचं पुढचं चाक निसटलं. मी मागेच होतो. खांद्याचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले. त्याला रिक्षात घालून मीच नेलं.

हात गळ्यात अडकवलेला असतानाच तो मला घेऊन त्या दुकानात गेला आणि आखूड दांडा दिला म्हणून शेठना नाही नाही ते बोलला. शेठ म्हणाले, चिठ्ठीवर होतं तेच दिलं. रवी म्हणाला, “याचं माप चुकत नाही.” शेठनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले — मी बोलेन म्हणून. आणि मी बोललो. म्हणालो, “जाने दो सेठ, गलती हो जाती है.”

मी त्यांना माफ केलं! ऐकताय ना? आमच्या ग्रुपमधलं कोणी नंतर त्या दुकानात गेलं नाही. रस्त्यात मी दिसलो की शेठ खुर्चीतून उठून आत जातात.

टॉवरवाल्याने रेससाठी दुसरा जोडीदार शोधला. त्याआधी, रवी हॉस्पिटलात होता तोवर, डबा मी नेत होतो. एक दिवस रवी जेवता जेवता रडायलाच लागला — चुकलं रे माझं, तुला न सांगता त्याच्याबरोबर नाव घातलं, तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून बोललो नाही. त्याने सांगून टाकलं. मी काय केलं? “सोड रे,” म्हणालो, आणि त्याच्या ताटात आमटी वाढली.

पुढच्या वर्षी ती रेस आम्ही दोघांनी पुरी केली. आता तो पुढच्या चाकाला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. दर रविवारी निघताना हँडल धरून उभा राहतो, मी खाली बसून अ‍ॅक्सल घट्ट करतो. तो तोवर इकडच्या तिकडच्या गप्पा मारत असतो. खाली बघतसुद्धा नाही.