दहा मिनिटांचा वारा

चूक भाऊसाहेबांची. त्यांची मुलगी नलू घर सोडून गेली, त्याला संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जबाबदार नाही, पोलीस नाहीत, गिरगावातले शेजारी तर नाहीतच. भाऊसाहेब. हे आधीच सांगून टाकतो, कारण या माणसाबद्दल बोलायला बसलं की किस्से निघतात, लोक हसतात आणि हसता हसता त्याला माफ करून टाकतात.

माझगावला एका बोटवाल्या कंपनीच्या गच्चीवर आम्ही तिघं वारा मोजायचो. भाऊसाहेब हेड. पेडणेकर लालबागचा, मालवणी. आणि मी परळचा, इंटरला कॉलेज सोडलेला, समस्त म्हाताऱ्यांवर भडकलेला. दिवसभर आकाशाकडे बघत बसलेल्या माणसांकडे किस्से साचणार नाहीत तर काय होईल?

*

पहिल्या दिवशी भाऊसाहेब मला गच्चीवर घेऊन गेले. खांबावर चार वाट्या गरगर फिरत होत्या, खोलीत काटा थरथरत होता. काटा एकदम वर उडाला. मी आकडा लिहायला घेतला तर त्यांनी माझा हातच धरला.

"तो गस्ट. वारा म्हणजे दहा मिनिटांची सरासरी. मधेच फटका बसतो तो गस्ट, त्याचा रकाना वेगळा. मालाचे पडाव बंदरातून सोडायचे की नाहीत ते वाऱ्यावर ठरतं."

आणि स्वतः दहाच्या वर एक मिनिट जास्त थांबले. खात्रीसाठी. ही त्यांची सवयच.

कोपऱ्यातून पेडणेकर म्हणाला, "आणि गस्टान पडाव उलाटलो तर, भाऊसायब? बुडणारो दहा मिनटां थांबतलो काय?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "पेडणेकर, विडी खाली जाऊन ओढा."

*

एकदा मोठे साहेब वर आले आणि माझ्या सुट्टीवरून काहीतरी बोलले. मोर्चाला गेलो होतो, लपवलं नव्हतं. मी जे सुरू झालो ते थांबेचना.

भाऊसाहेबांनी साहेबांना खुर्ची दिली आणि घड्याळ काढलं. "गस्ट आहे, सर. दहा मिनिटं द्या."

दहा मिनिटांनी मी तितकाच तापलेला. अकराव्या मिनिटाला भाऊसाहेबांनी घड्याळ खिशात टाकलं.

"नाही सर, वाराच आहे. याच्यापुढे इलाज नाही. चहा मागवू?"

साहेब हसले. माझी नोकरी राहिली. तेव्हा मला हा माणूस आवडला होता, हेही सांगायला हवं.

*

काट्यावर त्यांचा पूर्ण विश्वास नसे. लालबाग-परळची धुराडी गच्चीवरून दिसत. धूर वाकला तर वारा, सरळ वर गेला तर शांत.

संपाच्या दिवशी त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "धूर वाकलेला दिसत नाही. काटा बिघडलाय. शांत लिहा."

"भाऊसाहेब, धूरच नाहीये. गिरण्या बंद आहेत आज."

एवढ्यात त्यांची काळी टोपी डोक्यावरून उडाली ती थेट गोदीच्या पाण्यात.

"टोपी गेली," पेडणेकर म्हणाला.

"तो गस्ट," भाऊसाहेब म्हणाले. दोन्ही हात टकलावर.

*

रविवारी ते मला जेवायला बोलवायचे. घरात बायको नाही, बापलेक दोघंच. नलू दादरला शाळेत शिकवायची आणि आमटी झकास करायची.

"लहानपणी मी रडायला लागले की आप्पा घड्याळ काढायचे," ती वाढता वाढता सांगायची. "दहा मिनिटं रडले तर खरं दुखलंय. मग डॉक्टर. मी घड्याळाकडे बघत रडायचे."

"डॉक्टर लागला का कधी?" भाऊसाहेब ताटातून मान वर न करता म्हणायचे.

*

नलू सत्याग्रहात पकडली गेली. सुटून घरी आली तेव्हा भाऊसाहेब दारातच उभे होते.

"तुरुंगात जाऊन आलेली मुलगी मला घरात नको."

जन्मभर गस्ट आणि वारा वेगळे लिहिणारा माणूस.

"मग राहा एकटे," ती म्हणाली आणि पिशवीसकट मागे फिरली. भाऊसाहेबांनी दार लावलं, खुर्चीत बसले आणि घड्याळ काढलं. पोरीचा गस्ट आहे, ओसरेल. दहा मिनिटं झाली. खात्रीसाठी आणखी एक. मग दार उघडलं. जिना रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, दुपारचा वारा सांगावा त्या आवाजात. पेडणेकर त्या दिवशी कुणी न सांगता खाली गेला विडी ओढायला.

*

पुढे दादरच्या एका सभेत नलू भेटली. माटुंग्याला मैत्रिणीकडे राहत होती.

"मी गेले नव्हते रे लगेच," ती म्हणाली. "खालच्या जिन्यात बसले होते. म्हटलं, आप्पांचा गस्ट असेल. घड्याळात दहा मिनिटं बघितली. दार उघडलं नाही."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो आणि सगळं त्यांच्या तोंडावर सांगितलं. लागावं म्हणूनच सांगितलं.

भाऊसाहेब वाट्यांकडे बघत राहिले.

"घड्याळ लावून?"

"घड्याळ लावून."

"पूर्ण दहा?"

"पूर्ण दहा. माटुंगा काही लांब नाही, भाऊसाहेब."

त्यांनी मान हलवली. "बरोबर थांबली," ते म्हणाले.

नलू पुन्हा त्या घरात राहायला आली नाही.