सहीच्या बदल्यात लॉचा फॉर्म

"सही कर, फॉर्म घे," हरेश म्हणाला.

लॉ कॉलेजचा ॲडमिशन फॉर्म त्याने शर्टाच्या खिशात घडी करून ठेवला होता, वरचं टोक मुद्दाम दिसेल असं. समोर त्याची धाकटी बहीण भारती खुर्चीच्या कडेवर बसली होती. टेबलावर हक्कसोडपत्र, शाईचं पॅड आणि पिशवीत एक डाळिंबी साडी.

साडी ही आमच्या धंद्यातली पद्धत होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सीबीडी बेलापूरला एका सीनियर वकिलांकडे ज्युनियर होते. नवी मुंबई वसवताना गावांच्या जमिनी गेल्या, त्या बदल्यात गावकऱ्यांना प्लॉट मिळू लागले होते. जमीन ज्याच्या नावावर होती तो बाप बहुतेक वेळा हयात नसायचा. मग वारस आले, आणि वारसांत बहिणी आल्या. बहिणीने आपला हिस्सा भावाला सोडला असं लिहून द्यायचं, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. भावाने बहिणीला साडी घ्यायची, बहिणीने सही करायची, प्लॉट बिल्डरकडे जायचा. सही केली नाही तर माहेर तुटलं. कुठल्या भावाने प्लॉट सोडून स्वतः साडी घेतलेली मी तरी पाहिली नाही.

बायकांना कागद बाईने वाचून दाखवावा असं सरांचं मत होतं, म्हणून ते काम माझ्याकडे. कागदाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असायचं: मजकूर वाचून दाखवला, वकिलांनी समजावून सांगितला, तो मान्य आहे. समजावून सांगायची वेळ कधी येऊ द्यायची नाही, हे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. ते वाक्य माझ्या डोक्यात जायचं.

हरेशचे तुर्भ्याच्या कारखान्यांत दोन ट्रक चालत. थोरली बहीण मी नोकरीला लागायच्या आधीच साडी घेऊन, सही करून गेली होती. आईने लिहून दिलं होतं. राहिली भारती. ती वाशीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, फर्स्ट क्लास. तिला वकील व्हायचं होतं आणि कॉलेजची मुदत परवा संपत होती. हरेशने बरोबर तेवढंच हेरलं. फॉर्म स्वतः जाऊन आणला, आणि बहिणीच्या हातात न देता खिशात घातला.

बिल्डरला फोन लावायला तो सरांच्या केबिनमध्ये गेला तशी भारती हळूच म्हणाली, "मॅडम, वकील झालं की कोर्टातच उभं राहावं लागतं का?"

मला हसू आलं आणि रागही आला. खाली बघून मुकाट्याने सही करण्यासाठी आणलेली ही मुलगी, आणि तिला करिअरची माहिती हवी होती. मी सांगितलं. बी.ए.नंतर तीन वर्षं एलएल.बी., वर्ग सकाळचे, त्यामुळे दिवसा नोकरी करता येते. मग सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना. कोर्ट नको असेल तर कारखान्यात लीगल ऑफिसर होता येतं, बँकेत जाता येतं, परीक्षा देऊन न्यायाधीश होता येतं. सुरुवातीची वर्षं सीनियरच्या बॅगा उचलण्यात जातात, हेही सांगितलं.

"चालेल," ती म्हणाली. "मासळीच्या टोपल्या उचलल्यात मी."

सर आणि हरेश बाहेर आले. सरांनी मला खूण केली. मी वाचायला लागले. नेहमी बायका पदराशी चाळा करत बसायच्या. भारती कागदावर नजर ठेवून ऐकत होती. शेवटचं वाक्य संपलं आणि हरेशने पेन पुढे केलं.

तिने ते घेतलं नाही. "यात लिहिलंय वकिलांनी समजावून सांगितलं. ते राहिलं ना?"

सर हसले. "अगं, ते सगळ्याच कागदांत असतं."

"मग माझ्या कागदात खरं करा," भारती म्हणाली.

मी सरांकडे पाहिलं. ते डोळ्यांनी नको म्हणत होते. माझं टाळकंच सरकलं. ज्या मुलीचा हिस्सा काढून घेतोय तिच्याच शिक्षणाचं आमिष तिला दाखवायचं, वर माझ्या तोंडून वाचून घ्यायचं, आणि मी पुन्हा सरांच्या नुसत्या नजरेने गप्प बसायचं. मी म्हटलं, "सर, एकतर ते वाक्य खोडा, नाहीतर मला बोलू द्या." आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता बोलले.

वडिलांच्या मागे तुझा वाटा भावाइतकाच आहे. सही करून रजिस्टर झालं की तो गेला, परत मागता येत नाही. सही करायची सक्ती नाही. आणि कॉलेजला भावाची परवानगी लागत नाही, तू सज्ञान आहेस. लागतात ते तुझे मार्क.

हरेश उठला. खिशातला फॉर्म काढून त्याने त्याचे चार तुकडे केले. "हा गेला तुजा लॉ. आता घरानशी पाय बाहेर टाकून दाखव." मग माझ्याकडे वळला. "आमचे पैशानी आमचेच घरात आग लावता तुमी."

भारतीने तुकडे पाहिले. पण तिने विचारलं ते मलाच. "कॉलेजच्या खिडकीवर दुसरा मिळतो का?"

"परवापर्यंत मिळतो."

ती उठली आणि जिना उतरून गेली. साडी टेबलावरच राहिली. हरेश तिच्यामागे धावला, पण खाली रस्त्यावर गावातली माणसं होती, त्यांच्यासमोर त्याने आवाज चढवला नाही. असल्या माणसांना लाज फक्त चारचौघांत असते.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी कोणाची वकील आहे, असं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. क्लायंट हरेशच होता, आणि त्याच्या विरोधात मी त्याच्याच टेबलावर बोलले होते. पण मग दुसऱ्या बाजूच्या बाईला आम्ही समजावलं असं लिहायचंच कशाला, हे मी उलट विचारलं. त्यांनी मला महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे नोकरी बघायला सांगितलं. मी त्याच दिवशी डबा आणि छत्री उचलली. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

भारतीने मुदतीत फॉर्म भरला. मार्कशीट आईने काढून दिली. लेकाला आपण लिहून दिलं होतं, ते त्या माउलीला आत कुठेतरी खात असणार. हरेशने भारतीशी बोलणं टाकलं. ती मैत्रिणीकडे कोपरखैरण्याला राहिली, शिकवण्या घेतल्या, सकाळी कॉलेज केलं.

तोवर मी वाशीला स्वतःचं ऑफिस काढलं होतं; सनद मिळाल्यावर ती तिथे माझी ज्युनियर म्हणून आली. आता बहिणींच्या बाजूने कागद वाचून दाखवायचं काम तिचं. एकेका बाईपाशी ती इतका वेळ बसते की बाहेर भाऊमंडळी घड्याळं बघतात. मी त्यांना चहासुद्धा विचारत नाही.

मी यातून शिकले ते एवढंच: सहीची ज्याला घाई आहे, त्याच्या वकिलाकडून कागद समजून घेऊ नये. आपला वेगळा वकील करावा.

भारतीच्या सहीवाचून हरेशचा प्लॉट अजून तसाच पडून आहे. परवा त्याचा तिला फोन आला, इतक्या वर्षांनी, अगदी गोड आवाजात. सही कधी करतेस, विचारत होता.

"बघते दादा," भारती म्हणाली. "वकिलाला विचारून सांगते."