ओझरच्या कुंपणालगतची जागा

विमानाचा फोटो काढायला विमान लागतं हे कोणीही सांगेल. पण खरी लागते ती जागा. आणि जागा शोधण्यात मी माझ्या आयुष्यातली दोन वर्षं घालवली, तीही घरात कोणाला न सांगता. पदवी घेऊन घरी बसलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलानं हे करावं, याला आमच्या इंदिरानगरात एक सरळ शब्द होता, रिकामटेकडा. तो मला लागू होता हे मी कबूल करतो.

नव्वदीची मधली वर्षं. मामानं त्याचा जुना कॅमेरा मला दिला होता, सोबत एक लांब लेन्स. नाशिक शहरापासून वीसेक किलोमीटरवर, आग्रा रोडनं गेलं की ओझर. तिथं लढाऊ विमानांचा कारखाना आणि त्याचा रनवे. माझे वडील त्याच कारखान्यात होते. पंखांच्या पत्र्यावर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मारायचं काम, तीस वर्षं. रिव्हेटच्या बंदुकीनं त्यांचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे घरात बोलताना आम्ही सगळेच ओरडायचो आणि शेजाऱ्यांना वाटायचं भांडणं चाललीत.

ओरडून विचारलं तरी कामाबद्दल ते काही सांगत नसत. "आज काय केलं?" असं आईनं विचारलं की, "काम." बास. कारखान्याची बस त्यांना सकाळी चौकातून उचलायची, संध्याकाळी तिथंच सोडायची, आणि मधल्या नऊ तासांचं काय झालं ते त्यांनी कधी उंबरठ्याच्या आत आणलं नाही. आत कॅमेरा न्यायचा नाही, बाहेर शब्द न्यायचा नाही, हा नियम. घरावरून विमान गेलं की आम्ही सगळे गच्चीत धावायचो आणि ते ताटातला घास खाली बघून खायचे. मला तेव्हा तो कोरडेपणा वाटायचा.

पण या नियमाला एक सूट होती. जो निवृत्त होईल त्याला शेवटच्या दिवशी हार-शाल घालून एका विमानाशेजारी उभं करायचे आणि कारखान्याचाच फोटोग्राफर त्याचा एक फोटो काढायचा. वडिलांच्या सगळ्या सोबत्यांच्या घरी हॉलमध्ये तो फोटो होता. लहानपणापासून मी तो पन्नास घरांत पाहिला असेन. विमान तेच, शाल तीच, माणूस तेवढा वेगळा. कोणी ताठ, कोणी डोळे मिटलेला. तीस वर्षं हातानं केलेल्या वस्तूशेजारी उभं राहायची ती एकच वेळ. वडील कशाची हौस करणारे नव्हते, पण त्या फोटोसाठी त्यांनी निवृत्तीच्या सहा-सात महिने आधीच पांढरा शर्ट शिवून घेतला होता. आई त्यावरून त्यांना चिडवायची, "नवरदेव झालेत."

तर जागा. पहिली जागा म्हणजे हायवेवरच्या एका ढाब्याची गच्ची. तिथून विमान दिसायचं, पण मध्ये विजेच्या तारा, आणि ढाबेवाला दर अर्ध्या तासानं चहा मागवायला लावायचा. दुसरी एका टेकडीवरची. तिथून सगळा रनवे दिसायचा खरा, पण विमान हातभर अंतरावरच्या मुंगीएवढं. फोटो धुऊन आणले तर आकाशात माशी बसल्यासारखं काहीतरी. मी त्यावर शाईनं गोल करून मित्रांना दाखवायचो की हे विमान.

मग हळूहळू अक्कल आली. रनवे पूर्व-पश्चिम पसरलेला, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेच्या बाजूला उभं राहिलं तर सूर्य दिवसभर पाठीशी. उत्तरेला उभं राहिलात तर विमानाची नुसती काळी सावली मिळते. आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, म्हणजे आधी वारा कळायला हवा. तो मला द्राक्षबागांनी सांगितला. डिसेंबरात थंडी उतरली की शेतकरी पहाटे बागेत पालापाचोळा पेटवून धूर करतात, घडांना थंडी लागू नये म्हणून. तो धूर पश्चिमेकडे लोळत असला की विमान पूर्वेकडे उडणार. मी कुठं उभं राहायचं ते त्यावरून ठरायचं. ही माझी स्वतःची विद्या, कोणी शिकवली नव्हती, आणि तिचा मला भलता गर्व होता.

दक्षिणेकडच्या एका बागेच्या मालकाला मी पहिल्यांदा मोजणीवाला वाटलो. गळ्यात कॅमेरा, हातात वही, आणि मी बांधावरून पावलं टाकत अंतर मोजत होतो. तो कुदळ घेऊनच आला.

"कोन रं तू? सरकारी हाय का?"

"नाही हो दादा. विमानाचे फोटो काढतो."

"कशापायी?"

"आवडतं म्हणून," मी म्हटलं.

त्यानं कुदळ बांधावर टेकवली. "विमान रोज जातं डोक्यावरून. घड लय भारी लागलेत औंदा, त्याचा काढ की." मी घडांचे दोन फोटो काढले, पुढच्या वेळी धुऊन नेऊन दिले, आणि मग त्या बागेत मला मोकळीक मिळाली. मांडवाच्या शेवटच्या ओळीपासून चांगली चित्रं मिळायला लागली. पोट दिसायचं विमानाचं, चाकं आत जाताना दिसायची.

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण अति तिथं माती. बागेच्या पलीकडे बांध होता आणि बांधाला लागून कारखान्याचं कुंपण. तिथून पंखावरच्या रिव्हेटच्या ओळी दिसतील असा माझा हिशोब होता. वडिलांनी मारलेल्या ओळी. कुंपणावर पाटी होती, छायाचित्रण निषिद्ध. मी स्वतःशी युक्तिवाद केला की पाटी आतल्यांसाठी आहे. मी शेतकऱ्याच्या जमिनीवर उभा, आकाश काही कारखान्याचं नाही. विमानांमागे हिंडणाऱ्या सगळ्या पोरांचा हाच युक्तिवाद असतो, आणि तो त्यांना स्वतःलाही पुरता पटलेला नसतो.

त्या सकाळी विमान माझ्या समोरून गेलं, मी सहा-सात फोटो घेतले, आणि लेन्स खाली केली तर समोर जीप. दोन सुरक्षा रक्षक. ते रागावले नाहीत, त्यांनी नाव-गाव विचारलं. मी घाबरलो होतो. आणि घाबरल्यावर मी ते वाक्य बोललो.

"माझे वडील आतच आहेत. तीस वर्षं. पंखांच्या शॉपला."

मी वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं, त्यांचा टोकन नंबरसुद्धा. तो मला पाठ होता, डब्यावर कोरलेला असायचा. रक्षकानं तो लिहून घेतला. रोल काढून उन्हात ओढला, त्यातले सगळे फोटो गेले, कॅमेरा परत दिला, दोन तास गेटवर बसवून ठेवलं आणि पुन्हा इकडे येऊ नका असं सांगून सोडलं. मी सायकल मारत हायवेला लागलो तेव्हा मला चक्क बरं वाटत होतं. वाटलं, बाबांच्या नावाला वजन आहे. नाव घेतलं आणि सुटलो. इतका मूर्ख माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

वडील रोजच्या बसनं आले. हातपाय धुतले, जेवले, डबा घासून पालथा घातला. मग मला म्हणाले, "गेटवर माझं नाव कोणी सांगितलं?"

"मी."

त्यांनी मान हलवली आणि झोपायला गेले. आईला मी सगळं सांगितलं, ती म्हणाली, होईल शांत. शांत तर ते आधीपासूनच होते.

मार्चअखेर ते निवृत्त झाले. शाल, नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. अंगात नवा शर्ट होता. आईनं विचारलं, "फोटो कधी देणारेत?"

"नाही काढला."

आईनं माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. मी तिथंच ठरवून टाकलं की कारखान्याच्या साहेबांनी हे केलं. पोराच्या चुकीची शिक्षा बापाला. पुढची आठ-नऊ वर्षं मी त्या न पाहिलेल्या साहेबांना शिव्या देत होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मला नाशिक रोडला नोकरी लागली, लग्न झालं. ओझरला पुन्हा गेलो नाही, पण सुट्टी काढून मुंबईच्या विमानतळाजवळच्या गच्च्या शोधत हिंडायचो, प्रवासी विमानं काढायचो. चार अल्बम भरले. वडिलांनी त्यातला एकही उघडला नाही. कॅमेरा बाहेर काढला की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. माझ्या लग्नातही ते फेटा बांधून मान खाली घालून होते, फोटोत फेटाच आला आहे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला त्यांची तब्येत उतरायला लागली आणि मला राहवेना. मी रीतसर अर्ज लिहून कारखान्याच्या कल्याण विभागात गेलो. तोंडावर भांडायची पूर्ण तयारी होती. टेबलामागे एक तरुण बाई होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, जुनी फाइल मागवली, आणि एक कागद माझ्यासमोर सरकवला. वडिलांचं अक्षर. सरळ, टपोरं, काना-मात्रा जागच्या जागी.

माझ्या घरातील व्यक्तीने नियम मोडला आहे. त्यामुळे मी निवृत्तीचा फोटो घेऊ इच्छित नाही. कृपया आग्रह करू नये.

खाली सही आणि टोकन नंबर.

"आम्ही कोणाचा फोटो थांबवत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना आणा ना. पुढच्या महिन्यात काढून देऊ."

मी घरी आलो तेव्हा वडील गॅलरीत मेथी निवडत बसले होते. मी कानाशी जाऊन म्हटलं, "बाबा, फोटो तुम्हीच नको म्हणालात?"

"हो."

"कशाला पण?"

त्यांनी काड्या बाजूला केल्या. "तीस वर्षं मी घरात कामाचा एक शब्द बोललो नाही. मी डावा पंख करायचो की उजवा, तुझ्या आईला माहीत नाही. आणि तू माझं नाव गेटपास दाखवावा तसं दाखवलंस. पकडला गेलास त्याचं मला काही नव्हतं."

"चुकलं माझं."

"चुकलं. तू काही लहान नव्हतास."

"आता काढायला तयार आहेत ते. मी विचारून आलोय."

"आता मी तिथला कोण?" असं म्हणून त्यांनी दुसरी जुडी सोडली. मला वाटलं बोलणं संपलं. मी उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "त्या दिवशी विमान नीट आलं होतं का?"

"काय माहीत. रोल उन्हात ओढला त्यांनी."

"सूर्य पाठीशी होता?"

"होता."

"मग आलं असेल," ते म्हणाले.

मी आत जाऊन रडलो. दोन-तीनदा मनात आलं की आता विचारावं, निदान गॅलरीत बसलेला एक फोटो काढू द्या. विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते. पण मला त्यांच्यासमोर कॅमेरा काढायचा धीर झाला नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

दहाव्याला लावायला फोटो हवा होता. आईनं ट्रंक उलटीपालटी केली. शेवटी बँकेच्या पासबुकावरचा सापडला, नखाएवढा, खांद्यावर अर्धा गोल शिक्का उमटलेला. तो घेऊन मी चौकातल्या स्टुडिओत गेलो. तिथला माणूस भिंग लावून बराच वेळ बघत होता. मोठा केला की चेहरा फुटणार म्हणाला, आणि शिक्का पुरता जाणार नाही.

"दुसरा नाहीच का? घरात कोणाकडे कॅमेरा नव्हता?"

"होता," मी म्हटलं. "माझ्याकडे होता."