सांधेवाल्याच्या खांद्यावरचा गोळा

त्या स्टेशनातल्या सांधेवाल्याला सगळे तंद्रीकाका म्हणत, आणि नाव कसं अगदी मापाचं बसलं होतं. फाट्यावरचं हे शेवटचं स्टेशन. एके काळी इथे लाकडाच्या मालगाड्या यायच्या, इंजिनं टाकीखाली उभी राहून पाणी ढोसायची, प्रवाशांना बाकं पुरायची नाहीत. आता दिवसाकाठी एकच गाडी. दुपारी यायची, उन्हं कलली की परत निघायची. मधल्या वेळात रूळ, गवत आणि काका, तिघंही पेंगत. बायकोच्या मागे एकट्यानं लेक वाढवली तीही अशीच स्वप्नात. एकदा रिबिनीऐवजी सिग्नलचं हिरवं फडकं वेणीला बांधून पोरीला शाळेत धाडलं होतं!

कामात मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. गाडी सुटायच्या आधी स्टेशनमास्तर आपल्या खोलीतल्या यंत्रातून एक लोखंडी गोळा काढत आणि चामडी पिशवीत घालत. पिशवीला वेताचं मोठं कडं. ते खांद्याला अडकवून काकांनी ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. गोळा मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी तसूभर हलवणार नाही, आणि तो पुढच्या स्टेशनातल्या जोडीच्या यंत्रात पडेपर्यंत इथलं यंत्र दुसरा सोडणार नाही. एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ही सगळी उस्तवार.

लेक परिचारिका झाली. तिला मोठ्या बोटीवर नोकरी लागली. ती निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बोट सुटणार होती, म्हणजे ही गाडी चुकली की बोट गेली आणि नोकरीही. काकांनी स्वतः तिची ट्रंक डब्यात चढवली, रुळांचे सांधे लावले, मास्तरांकडून गोळा घेतला आणि गायब झाले.

ड्रायव्हर शिट्ट्या वाजवून थकला. मास्तरांचा पारा चढला. आजच्या दिवशी तरी माणसानं शुद्धीवर राहावं की नाही! लेक डब्यातून खाली उतरली आणि थेट पाण्याच्या जुन्या टाकीकडे गेली. काका टाकीच्या सावलीत बसले होते. कडं खांद्यावर तसंच.

ती शेजारी टेकली. गवताकडे बघतच ते म्हणाले, "तंद्रीत इथवर आलो गं. पण बसलो तेव्हा खांद्याला ओझं लागलं. तेव्हाच कळलं होतं. तरी उठलो नाही."

बापावर चिडावं की त्याच्या गळ्यात पडावं, पोरीला कळेना.

"बाबा, तुम्ही गोळा नाही दिलात तर मी राहीन," ती म्हणाली. "आणि रागावणारही नाही."

हेच त्यांना सोसवेना. ती चिडली असती तर बसूनही राहिले असते कदाचित. ते उठले, आणि जन्मात कधी धावले नव्हते तसे धावत सुटले, लेक मागोमाग. ती डब्यात चढली तेव्हा कडं ड्रायव्हरच्या हाती पोचलं होतं, पण काकांची बोटं सुटत नव्हती. ड्रायव्हरनं ओढाओढ केली नाही, तो थांबला. मग बोटं सुटली आणि गाडी हलली.

एरवी गाडी गेली की काका बाकावर आडवे व्हायचे. त्या दिवशी मास्तरांच्या खोलीत यंत्रापाशी येऊन उभे राहिले. मास्तरांनी झापायला तोंड उघडलं होतं, ते त्यांचा चेहरा बघून मिटलं. दिवेलागणीला यंत्राची घंटा वाजली. गोळा पुढच्या स्टेशनात पोचला होता.

"पोचली," मास्तर म्हणाले.

काकांनी मान डोलावली, आणि यंत्रावर डोकं टेकून पोरासारखे रडले. मास्तरांनी दिवा लावायचा जरा लांबवला.