देवाच्या फुलातला पतंग

शहाऐंशीच्या जुलैत नॉर्थ कॅरोलायनाहून आमची गाडी उत्तरेला निघाली. माझी भाची मेधा तिथे कीटकांवर पीएच.डी. करते. मी आले होते अमेरिका बघायला आणि बघत होते युका. टोकदार पानांच्या या झुडपाला मधोमध दांडा येतो, त्यावर पांढरी फुलं लोंबतात. त्या फुलात नखाएवढा पांढरा पतंग दिवसभर झोपतो. तो नसेल तर झाडाला बी धरत नाही. झाड मूळचं दक्षिणेचं, उत्तरेत लोकांनी हौसेनं लावलेलं. पतंग त्याच्यामागून कुठवर गेला, हे मेधाला शोधायचं होतं.

व्हर्जिनियात तो पेट्रोल पंपामागे सापडला. मेरीलँडमध्ये एका आजीबाईंनी आम्हाला आइस्ड टी (बर्फ घातलेला कोरा चहा) पाजला आणि झाड सासूनं लावलेलं आहे, मुळासकट नेलंत तरी चालेल, म्हणाल्या. तिथेही पतंग होता.

आणखी उत्तरेला, वेस्ट विंडसर गावी मेधाच्या मैत्रिणीच्या आईकडे, कुंदाकाकूंकडे उतरलो. वरणभात बघून जिवात जीव आला. त्यांच्या यार्डात (मागच्या अंगणात) एकच युका होता, तोही बहर संपत आलेला. अंधार पडेपर्यंत मेधानं निम्मी फुलं पाहिली. पतंग नव्हता.

"हा सीझन गेला यार," ती म्हणाली. प्रबंधाचं एक प्रकरण त्यावर अडलं होतं. उरलेली फुलं ती सकाळी बघणार होती.

सकाळी आंघोळ करून मी सवयीनं पूजेला युकाची फुलं तोडली. मेधा आत आली ती रडवेली होऊन.

"मावशी, सगळी तोडलीस? मी चेक करणार होते."

तेवढ्यात काकूंच्या देवघरातल्या गणपतीला वाहिलेल्या फुलात काहीतरी पांढरं हललं. मेधानं बाटली पुढे केली. मी तिचा हात धरला.

"देवापुढचा जीव आहे तो."

"नमुना नसेल तर सर मानणार नाहीत, मावशी."

तिनं हात सोडवून घेतला नाही, नुसती थांबली. तेच मला जड गेलं.

"घे," मी म्हटलं.

पतंग कुंदाकाकूंच्या फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी गेला. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी मेधानं टाचणीला टोचलेला पतंग दाखवला. खालच्या चिठ्ठीवर गाव, तारीख आणि पकडणाऱ्याच्या जागी माझं नाव.

आता मी पुण्यात आहे. नायगारा पाहिला नाही म्हणून लोक हळहळतात, मी मात्र प्रवासानं भरून पावले. माझं नाव तिकडे एका पेटीत राहिलंय, मला वाचवता आला असता त्या जिवाखाली. त्याचा अभिमान वाटतो, आणि देवाला फुलं वाहताना हात जरा अडखळतो.