वाढलेलं पान थांबत नाही

फोनच्या पडद्यावर नाव सेतूचंच होतं. शनिवारची दुपार होती, मी कंपनीच्या टेस्टिंग शेडमधून बाहेर पडून बसची वाट बघत उभा होतो. आज शेवटचा जोड मारणार असं तो आठवडाभर ऐकवत होता, तेव्हा हा बढाया मारायलाच फोन असणार अशा खात्रीनं मी म्हणालो, "बोला कारखानदार." पलीकडून त्याच्या आईचा आवाज आला. "शिरीषा, सेतू उठत नाहीं रे. हाका मारतें, दार ठोकतें, उठत नाहीं." मावशी रडत नव्हत्या. काहीतरी घरगुती अडचण सांगावी तसं सांगत होत्या. शेजाऱ्यांना बोलवा, दार तोडा, एवढंच मला सुचलं, आणि मी समोर आली ती रिक्षा थांबवली. तिरुवल्लिकेणीला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत होतो, की रात्रभर जागला असेल गाढव, झोप लागली असेल.

त्याला अंगणात चटईवर ठेवलं होतं. अंगावर भाजल्याची खूण नाही, ओरखडा नाही, चेहऱ्यावर काही नाही. उजव्या हातात वेल्डिंगचा कातडी हातमोजा तसाच होता. शेजारचे पार्थसारथी भिंतीला टेकून डोकं धरून बसले होते. त्यांनीच कडी उचकटून त्याला ओढून बाहेर काढलं आणि मग त्यांनाच भोवळ आली. भीतीनं आली असेल असं सगळे म्हणत होते. मी त्याच्या कामाच्या खोलीच्या दारापाशी गेलो. दाराशीच वेल्डिंगच्या गॅसचं सिलिंडर उभं होतं आणि त्यातून बारीक सूं असा आवाज येत होता. मी सवयीनं सिलिंडरची मुख्य तोटी बंद केली. त्या क्षणी मला काहीही कळलेलं नव्हतं. माणूस सकाळी मेसेज पाठवतो आणि दुपारी चटईवर असतो, हे अजूनही माझ्या डोक्यात नीट शिरलेलं नाही. हे लिहितानाही मधेच वाटतं, एकदा त्याला वाचून दाखवू, चुका काढेल…

सेतुमाधव राव हे त्याचं पूर्ण नाव. तंजावरकडचं मराठी कुटुंब, कित्येक पिढ्यांपासून इकडचं. आमची ओळख झाली पुदुपेटच्या भंगार बाजारात. मी नुकताच साताऱ्याहून चेन्नईत नोकरीला आलो होतो, इकडे मॅन्शन म्हणतात तसल्या एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये एका खाटेवर राहत होतो, आणि रविवार कसा घालवायचा म्हणून जुन्या गाड्यांचे सुटे भाग बघत हिंडत होतो. फोनवर घरी बोलत होतो, सगळे लुंगीवाले मला फसवायला बसलेत वगैरे. मागून एक लुंगीवालाच म्हणाला, "मी फसवत नाहीं हो. तुम्ही मराठी कां?" मला वाटलं नाटकातलं वाक्य टाकतोय. पण त्याची मराठी तशीच होती. त्याच्या हातात एका डिझेल गाडीतून काढलेला, काजळीनं माखलेला टर्बो होता, आणि तो तान्हं पोर धरावं तसा धरून उभा होता. त्या संध्याकाळी त्यानं मला घरी नेलं. मी त्याच्या आईला मावशी म्हटलं तर ती हसायला लागली. "मज बहीणच नाहीं, मावशी कोठून?" पण मग तेच नाव चालू राहिलं.

टर्बोचं गणित साधं आहे. इंजिनातून बाहेर फेकला जाणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो, तो पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो, गाडी जोरात पळते. पण धूर त्या पंख्यापर्यंत न्यायला इंजिनाच्या चार तोंडांतून निघून एकत्र येणारे चार वाकडे पाइप लागतात. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. सेतूच्या वडिलांची जुनी छोटी मोटार होती, तिच्या इंजिनाला बसेल असा मॅनिफोल्ड जगात कोणी बनवत नव्हतं. म्हणून तो घरी करायचा, असं सेतूनं ठरवलं. मी कंपनीत दिवसभर इंजिनंच तपासत असल्यानं मला ही कल्पना खुळचट वाटली, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलंसुद्धा. तो फक्त मान हलवायचा, इकडची ती हो-नाही कळू न देणारी मान. ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून तो परदेशातल्या हौशी लोकांचे फोटो उतरवून घ्यायचा. आधी प्लास्टिकच्या पाइपांचा नमुना केला. मग साध्या लोखंडाचा खरा केला, गाडीला लावला, आणि बीचच्या रस्त्यावर आम्ही दोघं पोरांसारखे ओरडत गेलो. काही दिवसांत तो मॅनिफोल्ड एका जोडावर तडकला.

दुसरा कोणी असता तर वरून एक टाका मारून मोकळा झाला असता. सेतूनं तो जोड उभा कापला आणि मला आतली बाजू दाखवली. बाहेरून सुंदर दिसणारी वेल्डिंगची रेघ आतून काळी, भुसभुशीत, जळलेल्या गुळासारखी झाली होती. वितळलेल्या धातूला आतल्या बाजूनं हवा लागली की असं होतं. आता स्टेनलेस स्टीलचा करायचा, आणि आर्गन वेल्डिंग करताना पाइपाच्या आतही आर्गन गॅस भरून ठेवायचा, म्हणजे आत हवाच राहणार नाही, असं त्यानं जाहीर केलं. एवढा खटाटोप कशाला, आत बघणार कोण, असं मी विचारलं. "धूर जातो कीं आंतून," तो म्हणाला. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुढे त्यानं नोकरी सोडली. घरच्या खोलीतूनच असे पाइप करून द्यायचे, नंतर मोठी जागा बघायची, असा बेत होता. आईला त्यानं समजावलं होतं की मॅनिफोल्ड बसला की पहिल्या फेरीला तिलाच शेजारच्या सीटवर बसवणार. ती म्हणायची, कपालीश्वराच्या देवळापर्यंत ने, पुढे नको.

ती खोली अंगणाच्या कडेला, तीन पायऱ्या खाली. पूर्वी तिथे सरपण असायचं. खिडकी नाही, एकच दार, आणि दाराची कडी लावली नाही तर ते उघडं पडायचं. सेतू तिथे जमिनीवर पाटावर बसून काम करायचा. टेबल घे म्हणून मी सांगून थकलो. त्याचं म्हणणं, बसल्याशिवाय हात स्थिर राहत नाही, त्याच्या घरात सगळी कामं बसूनच झाली आहेत. दुपारी समुद्राचं वारं सुटलं की अंगणातून थेट त्या खोलीत शिरायचं आणि वेल्डिंगवरचा गॅस उडवायचं, म्हणून तो पंखा बंद करून दार आतून लावून घ्यायचा. चेन्नईचा उकाडा आणि वर ते कोंडून घेणं. बाहेर यायचा तेव्हा न्हाऊन आल्यासारखा दिसायचा.

त्या कोंडवाड्यातून त्याला ताबडतोब बाहेर काढणारी एकच गोष्ट होती, आईची हाक. "पान वाढलें, ये!" अशी ती स्वयंपाकघरातून हाक द्यायची आणि आमच्या मॅन्शनपर्यंत ऐकू जाईल असं वाटायचं. त्या घरात एक नियम होता. वाढलेलं पान थांबवायचं नाही. त्याच्या आजोबांपासूनचा नियम. केळीच्या पानावर भात पडला की कोणीही असो, हातातलं टाकून उठायचं, अन्नाला वाट बघायला लावणं म्हणजे माज. सेतू वयानं चौतिशीचा, देवाधर्माच्या नावानं थट्टा करणारा, पण या बाबतीत शाळकरी मुलासारखा. एकदा आम्ही दोघं मिळून एक पाइप पकडून बसलो होतो, हाक आली, आणि तो मला तसाच पाइप धरून बसवून जेवायला गेला. मला नंतर वाढलं. मावशींनी त्यावर मलाच दोष दिला, की तूही टाकून यायचं होतंस.

आता गल्ली. गल्लीला कारण लागतं. दार आतून बंद, अंगावर जखम नाही, डॉक्टरांना विषबिष काही सापडलं नाही, श्वास थांबला एवढंच. मग कुजबुज सुरू झाली. चांगली नोकरी सोडून बसला होता, लग्न जमत नव्हतं, एकटा एकटाच असायचा. पोलिसांनी मावशींना हेच तीनतीनदा विचारलं. पार्थसारथी भला माणूस, पण त्यांनीही मला बाजूला घेऊन तमिळमध्ये विचारलं, की तुझ्याजवळ काही बोलला होता का. मी त्यांच्यावर ओरडलो. तेराव्यानंतर मावशींनी मला समोर बसवलं. इतके दिवस कोरड्या राहिलेल्या डोळ्यांनीच त्या बघत होत्या. "लोक काय काय सांगतात. तू यंत्राचा माणूस. मज खरें सांग. तो आपणच गेला कां?"

मी त्या खोलीत जाऊन उभा राहिलो. सिलिंडरापासून दोन नळ्या निघाल्या होत्या. एक वेल्डिंगच्या टॉर्चला, दुसरी मॅनिफोल्डच्या पाइपात खोचलेली. दुसरीची तोटी पूर्ण उघडी होती. तेव्हा मला त्या दुपारचा सूं आवाज आठवला, पार्थसारथींची भोवळ आठवली. आर्गन विषारी नाही. त्याला वास नाही, रंग नाही. तो फक्त हवेपेक्षा जड आहे. खिडकी नसलेल्या, तीन पायऱ्या खाली असलेल्या खोलीत तो तळाशी साठत जातो आणि हवेला वर ढकलतो. उभ्या माणसाला कदाचित काही झालं नसतं. पाटावर बसणाऱ्याला त्या हवेचे दोनचार श्वास पुरतात, आणि गुदमरतोय हेही कळत नाही.

मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, दिसत नाही, वास येत नाही, असं काय असतं? आणि मला जाणवलं की हे बोलणं गल्लीलाही पटणार नाही. मग मी पार्थसारथींना बोलावलं. सिलिंडरची तोटी उघडली, दार लावलं, आणि आम्ही तिघं अंगणात बसून राहिलो. पुरेसा वेळ गेल्यावर दार उघडलं. कोणी खाली उतरायचं नाही असं बजावून जळमटं काढायच्या लांब काठीच्या टोकाला देवघरातलं निरांजन बांधलं आणि वरच्या पायरीवरून आत धरलं. छातीच्या उंचीला ज्योत नीट जळत होती. हळूहळू काठी खाली नेली. पाटाच्या जवळ येताच ज्योत विझली. वारा नाही, फडफड नाही, कोणी चिमटीत धरावी तशी गेली. पुन्हा पेटवून नेली, पुन्हा तिथेच विझली. पार्थसारथी तोंडावर हात ठेवून "अय्यो" म्हणाले आणि दारातून मागे सरले. मावशी म्हणाल्या, "माझा पोर मरायास बैसला नाहीं. कामास बैसला." आणि मग पहिल्यांदा रडल्या. संध्याकाळपर्यंत पार्थसारथींनी गल्लीतल्या प्रत्येक दाराशी जाऊन ती ज्योत कशी विझली ते सांगितलं.

मी निघताना मावशींनी मला एकच विचारलं, की तो काम करत नसताना नळी चालू का राहिली. पाइपाच्या आत हवा शिरू नये म्हणून, मी म्हणालो. हे खरं आहे, पण अर्धं. पाइपात गॅस भरायला वेळ लागतो, आणि एकदा भरला की जोड मारून मगच तोटी बंद करतात. सेतू भरत बसला होता तेव्हा पान वाढल्याची हाक आली. बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून त्यानं नळी तशीच ठेवली, दाराला बाहेरून कडी घातली आणि जेवायला गेला. तो जेवत होता तोवर खोली भरत होती, आणि जेवून तो दार लावून तिथेच पाटावर बसला. दोनदा भात घेतला, पोटभर जेवला, असं मावशींनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. त्या आठवणीचा त्यांना आधार होता. तो मी काढून घेतला नाही. इथे लिहू शकतो, कारण त्या घरात मराठी बोलतात, वाचत नाहीत. मी एकदा नेलेला दिवाळी अंक मावशींनी चित्रं बघून परत दिला होता. त्यांना तमिळ लिपी येते, देवनागरी नाही; "हें बालबोध अक्षर मज येत नाहीं."

गेल्या रविवारी गेलो होतो. मावशींनी त्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं आहे. मॅनिफोल्ड खाली तसाच आहे, तीन पाइप जोडलेले, चौथा नुसता टेकवलेला. मी आरसा घेऊन त्याच्या आत पाहिलं. आतले जोड बाहेरच्याइतकेच स्वच्छ आहेत, चांदीसारखे. साध्य झालं होतं त्याला. मी त्याची हत्यारं पुसून पेटीत भरायला बसलो, सवयीनं पाटावर. वेळ गेला. मसाल्याचा वास आला, मग तो विरलाही, पण हाक काही आली नाही. मान वर केली तर मावशी वरच्या पायरीशी उभ्या होत्या, भिंतीला हात टेकून, कधीपासून कोण जाणे. स्वयंपाक झालाय का, मी विचारलं. पान वाढून ठेवलंय, त्या म्हणाल्या. मग हाक का नाही मारलीत? मी उठायला लागलो तर त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं.

"हातांतलें पुरें कर," त्या म्हणाल्या. "पान थांबतें."