डुकरांचा मुकादम

असाहेल बर्डिकला सगळं गाव मास्तर म्हणायचं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या आमच्या गावात त्याने बरेच हिवाळे शाळा शिकवली, मग नदीकाठी लाकडी बादल्यांचा कारखाना काढला. मी तिथे लेथवर होतो. बादली गळली की मास्तर ती स्वतः फोडायचा आणि दुसरी होईपर्यंत जेवायचा नाही. आम्हालाही जेवू द्यायचा नाही.

त्याला एकच हाव, गावपंच व्हायचं. दर मार्चच्या गावसभेत उभा राहायचा आणि पडायचा. भाषण फार लांब.

पन्नाशीला टेकल्यावर, एका फेब्रुवारीत, त्याने लोविना नावाच्या विधवेशी लग्न केलं. घरसंसारी माणसाचं सभेत वजन पडतं, असं त्याला वाटलं. पण आमचा रिवाज तो विसरला. नवीन लग्न झालेल्या गड्याला सभा डुकरांचा मुकादम नेमते. मोकाट डुकरं धरायची, कुंपणातून घुसू नयेत म्हणून गळ्यात जोखड घालायचं, द्वाड असतील ती कोंडवाड्यात टाकायची. नेमणूक गमतीची, काम कोणी करत नसे.

त्या मार्चला मास्तर भाषणाला उठला तसं पंच व्हायलाच उभ्या असलेल्या ओबेड टटलने मागून मुकादमकीला त्याचं नाव पुकारलं. सभा इतकी हसली की भाषण राहूनच गेलं. पंच झाला ओबेड.

मास्तर पद नाकारायला निघाला होता. लोविना म्हणाली, "अहो, नाकारलंत तरी हसतील, केलंत तरी हसतील. पण नीट करून दाखवलंत तर पुढच्या मार्चला पंच करतील. आणि माझा कोबी तरी वाचेल."

मग मास्तर कामाला लागला. पहिल्याच डुकराने त्याला चिखलातून चर्चच्या दारापर्यंत ओढत नेलं. पकड चुकीची होती, पण त्याने सोडलं नाही. एवढं श्रेय मी त्याला देतो. उन्हाळ्यापर्यंत गावातल्या झाडून सगळ्या डुकरांच्या गळ्यात आमच्या कारखान्यातली जोखडं होती. ओबेडची डुकरीण कोंडवाड्यात गेली. ती सोडवायला पंच स्वतः आला, तेव्हा मास्तरने कुंपण कसं घालावं यावर व्याख्यान दिलं. ओबेड आणि डुकरीण, दोघांनीही ते शेवटपर्यंत ऐकलं.

पुढच्या मार्चला मास्तर उठला. या वेळी भाषण आखूड. बागा शाबूत होत्या, लोक माना डोलावत होते. वरच्या गॅलरीत लोविना सरसावून बसली.

ओबेड उभा राहिला. "मास्तरला पंच केलं, तर डुकरं कोण धरणार?"

सभा विचारात पडली.

"माझ्या लग्नाला वर्ष झालं," मास्तर म्हणाला. "मी रिवाजात बसत नाही."

"वहिनी तर अजून नव्या नवरीच दिसतात, मास्तर," ओबेड म्हणाला.

वर लोविनाच आधी हसली. मग सगळे हात वर झाले, मुकादमकीसाठी.

सकाळी मास्तर कारखान्यात आला. मी विचारलं, "मग पंचकीचं काय?"

"जोथम, ओबेडने वर्षभर काय काम केलं, सांग."

मी लेथ थांबवून विचार केला. काही आठवेना.

"यंदा जोखडं ओकची कर," तो म्हणाला. "पाइनची चावून खातात." आणि अंगातला कोट काढून डुकरं धरायला बाहेर पडला.